मागच्या खोलीची कडी

“पंखा लावू नको, प्रमिला. आधी धूळ बसू दे.”

गोदाताई ओला पदर नाकाशी धरून उंबऱ्यात उभ्या होत्या. लाईन नुकतीच आली होती आणि माझा हात पंख्याच्या बटणावर होता. मी तो मागं घेतला, पण मनातून चिडले. वादळ थांबून जेमतेम दहा मिनिटं झाली होती. फरशीवर चाललं की पावलं उमटत होती, झाकून ठेवलेल्या दुधावरसुद्धा मातकट साय धरली होती, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला अमरावतीचे इंगोले माझ्या रेणुकाला पाहायला येणार होते. नेमका तोच दिवस सापडला होता मेल्या वादळाला.

ही अकोल्यातली, बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. आमच्याकडे मे महिन्यात दुपारी आभाळ तांबडं होतं आणि सगळ्या गावाची माती उठून घरात येते. दारं लावा, खिडक्या लावा, फटीत फडकी कोंबा, काही उपयोग नाही.

गोदाताई म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. दीर लग्नानंतर चौथ्या वर्षीच गेले. मूलबाळ नव्हतं. त्या मग जिनिंगमध्ये कामाला लागल्या. तिथं कापसातून सरकी वेगळी करतात, आणि दिवसभर कापसाची कुसं हवेत उडत असतात. अठरा वर्षं त्यांनी ती नाकातोंडात घेतली आणि धाकट्या दिराला, म्हणजे आमच्या ह्यांना, शिकवलं. ह्यांना एसटीत नोकरी लागली, माझं लग्न झालं, रेणुका झाली. तोवर गोदाताईंच्या छातीत दमा कायमचा मुक्कामाला आला होता.

रेणुका त्यांना मोठी आई म्हणायची. मी शाळेत शिकवायला जायचे, पोर त्यांच्याच मांडीवर वाढली.

धूळ झाल्यावर घर कसं आवरायचं हे अख्ख्या गल्लीत त्यांच्याएवढं कुणाला कळत नव्हतं. ज्याचा श्वास अडकतो त्यालाच हवेची किंमत, असं त्या म्हणायच्या. त्यांची रीत ठरलेली होती. तासभर काही हलवायचं नाही. मग वाऱ्याच्या उलट बाजूची खिडकी उघडायची आणि तिच्यावर ओली चादर टांगायची. झाडू हातात घ्यायचा नाही, ओल्या फडक्यानं वरून खाली पुसत यायचं. प्रत्येक खोलीला नवं पाणी. गाद्या, सतरंज्या, पडदे बाहेर काढायचे, घरात झटकायचे नाहीत.

“आणि कूलरच्या ताट्या धुवायच्या,” त्या दिवशी त्या म्हणाल्या. “सगळी माती त्या गवतात बसली असंल. न धुता लावला तर पुन्हा घरभर फेकंल.”

“धुते हो ताई.”

“आत्ताच धू नं वं. उद्या सकाळी तुला वेळ नाही भेटायचा.”

मी हो म्हणाले. कूलर खिडकीबाहेर बसवलेला, त्याच्या गवताच्या ताट्या स्टुलावर चढून काढाव्या लागायच्या. मी मनाशी म्हटलं, उद्या पंख्यावर भागेल, कूलर लावायचाच नाही.

रात्री उशिरापर्यंत मी समोरची खोली पुसली. वरून खाली, अगदी त्या सांगतील तशी. चार बादल्या पाणी बदललं. गोदाताई दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि बोटानं दाखवत होत्या, त्या फोटोमागं राहिलं, शोकेसच्या वर राहिलं. मध्येच खोकल्याची उबळ आली की पंप तोंडात धरून दोन फवारे ओढायच्या. पंप शोकेसवरच असायचा, गणपतीच्या मूर्तीशेजारी, म्हणजे कधीही हाताला यावा.

पुसून झाल्यावर खोली खरंच छान झाली. नाकाला गार, स्वच्छ वास येत होता. मी कमरेवर हात ठेवून पाहत राहिले. नावं ठेवायला जागा नको, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

राहिल्या गाद्या. चार गाद्या, दोन सतरंज्या, सोफ्याची कव्हरं, पडदे. सगळं मातीनं भरलेलं.

“गच्चीवर टाक,” गोदाताई म्हणाल्या.

“गच्चीवर वीतभर माती आहे, ताई. आणि सकाळी पाहुणे आल्यावर वर गाद्या वाळत घातलेल्या बऱ्या दिसतात का? मागच्या खोलीत टाकते. उद्या दुपारी काढू.”

मागची खोली म्हणजे गोदाताईंची खोली.

मी आणि ह्यांनी सगळं उचलून तिथं रचलं. खिडकी गाद्यांमागं गेली. त्या रात्री गोदाताई समोरच्या खोलीत, ओल्या फरशीवर चटई टाकून झोपल्या.

आता खरं काय ते सांगते. आधीच्या वर्षी रेणुकाचं एक स्थळ मोडलं होतं. सगळं ठरत आलं होतं, तेवढ्यात कुणीतरी त्यांच्या कानात सांगितलं, घरात दम्याचं दुखणं आहे, मुलीत उतरेल. अहो, गोदाताई या घरात लग्न होऊन आलेल्या, माझ्या पोरीशी त्यांचा रक्ताचा संबंध काय? पण लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार. त्या नकारानंतर रेणुका दोन महिने धड जेवली नव्हती. इंगोल्यांच्या बाबतीत मी ठरवून टाकलं होतं, खोकला त्यांच्या कानावर पडू द्यायचा नाही.

सकाळी सातला मी चहा घेऊन गोदाताईंजवळ बसले.

“ताई, पाहुणे येतील तेव्हा तुम्ही शेजारी तायड्यांकडे बसाल का? तासाभराचा प्रश्न आहे.”

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. सगळं समजलं त्यांना, सांगावं लागलं नाही.

“तायडीणबाईनं अजून घर नाही झाडलं,” त्या म्हणाल्या. “तिथं तर मी पायरीवरच मरंन. मी मागंच बसते नं. फटीतून पोरगी तरी दिसंल मला साडीत.”

“तिथं गाद्या आहेत पण.”

“हलवल्या नाही तर उडत नाही धूळ. गप बसीन मी. तू रेणूला सांगू नको, ती आकांत करंल.”

रेणुकाला मी सांगितलं, मोठी आई तायड्यांकडे गेलीये. तिला पटलं नाही. “आज? मला पाहायला येणार आणि मोठी आई नाही?” मी म्हटलं, तिलाच गर्दीचा त्रास होतो.

साडेदहाला गोदाताई पाण्याचा तांब्या घेऊन मागच्या खोलीत गेल्या. ते दार वाऱ्यानं आपोआप उघडायचं, म्हणून मी बाहेरून कडी घातली. मग समोरच्या खोलीतून शेवटचा हात फिरवला. शोकेसवर पंप दिसला, शेजारी गोळ्यांची पाकिटं, वाफ घ्यायचं भांडं. ते सगळं उचलून लोखंडी कपाटात टाकलं, कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. पंप आत द्यायचा राहिला. मी तो विसरले. त्या दिवशी बाकी जे केलं ते समजून उमजून केलं, पण पंप मात्र मी खरोखर विसरले.

इंगोले वेळेवर आले. मुलगा प्रशांत, त्याचे वडील आणि आई. वडील बोलघेवडे होते, आई कमी बोलायच्या, पण नजर अशी की कोपरान् कोपरा पाहून घ्यावा.

“काल तुमच्याकडंही वादळ होतं म्हणे,” त्या सोफ्यावर हात फिरवत म्हणाल्या. “आमच्या घरात अजून दात करकरतात. तुम्ही तर एका रात्रीत लखलखीत केलं.”

“सवय आहे,” मी म्हणाले.

“हवा किती हलकी वाटतेय इथं. कसं करता?”

मग मी त्यांना सगळं सांगितलं. तासभर थांबायचं, ओली चादर, वरून खाली, प्रत्येक खोलीला नवं पाणी. एकेक गोष्ट गोदाताईंच्या शब्दांत सांगितली आणि त्यांचं नाव घेतलं नाही. त्या दाराआड दहा हातांवर बसल्या होत्या. त्यांनी ऐकलंच असणार.

रेणुका पोहे घेऊन आली. मोरपंखी साडी होती, गोदाताईंची. प्रशांतनं तिला विचारलं, कॉलेजात कोणता विषय आवडायचा. ती म्हणाली, कोणताच नाही. सगळे हसले. मला वाटलं, जमतंय बाप्पा, आता विघ्न नको.

थोड्या वेळानं इंगोलेकाकूंनी रुमालानं मान पुसली.

“उकडतंय नं? कूलर लावते,” असं म्हणत मी उठलेच. ह्यांनी माझ्याकडं चमकून पाहिलं, कारण ताट्या धुतल्या नव्हत्या हे त्यांना ठाऊक होतं. मी बटण दाबलं. आमचा कूलर जुना होता, चालू झाला की माणसाला माणसाचं ऐकू येत नसे.

त्यानं पहिला श्वास सोडला तोच मातीचा. काल दुपारी त्या कोरड्या गवतात अडकलेली सगळी धूळ भसकन आत आली. पोह्यांवर, चहात, इंगोलेकाकांच्या पांढऱ्या सदऱ्यावर, रेणुकाच्या केसांत. इंगोलेकाकूंना ठसका लागला. ह्यांनी झेप घेऊन बटण बंद केलं.

“अगं, ताट्या धुतल्या नव्हत्या तर लावलास कशाला?”

कूलरची पाती घरघरत थांबली आणि खोलीत एकदम शांतता झाली. त्या शांततेत मागच्या दाराआडून आवाज आला. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी जसा सूं सूं आवाज येतो तसा. थांबायचा, पुन्हा यायचा.

इंगोलेकाकूंनी रुमाल खाली घेतला. “आत कोण आहे?”

“कुणी नाही,” मी म्हणाले. “सामान आहे.”

रेणुकानं माझ्याकडं पाहिलं. तो आवाज तिनं पाळण्यात असल्यापासून ऐकला होता. तिनं हातातला ट्रे जमिनीवर ठेवला, चालत गेली आणि कडी काढली.

गोदाताई दाराशीच बसल्या होत्या, भिंतीला टेकून. एक गादी ढिगावरून घसरून आडवी पडली होती, तिच्यामागं खिडकीचा कोपरा दिसत होता. खिडकी उघडायला म्हणून त्यांनी ती ओढली असणार आणि साऱ्या खोलीत धूळ उठली असणार. भुवया, पापण्या, सगळं मातकट झालं होतं. पदर भिजवून तोंडाला बांधला होता. तांब्या रिकामा होता. ओठ निळसर पडले होते, आणि आतला खोकला बाहेर पडू नये म्हणून त्यांनी पदराचा बोळा दातांत धरला होता.

“मोठी आई,” रेणुका खाली बसली. “पंप कुठंय? आई, शोकेसवर पंप नाहीये.”

सगळे माझ्याकडं पाहत होते. मी कमरेची किल्ली काढली. कुलूप उघडायला मला फार वेळ लागला. कपाटातून पंप काढून दिला तेव्हा इंगोलेकाकूंनी आधी किल्लीकडं पाहिलं आणि मग माझ्याकडं. वरून कीर्तन, आतून तमाशा म्हणतात, तो मी त्यांना फुकटात दाखवला होता.

पंपानं भागलं नाही. प्रशांतनं गाडी काढली. रेणुका मागं गोदाताईंना मांडीवर घेऊन बसली, मोरपंखी साडी तशीच. मला गाडीत जागा नव्हती. होती, पण रेणुकानं दार लावून घेतलं.

दवाखान्यात पाच दिवस गेले. पहिल्या दोन दिवसांत मी देवाला काय काय कबूल केलं ते आता आठवत नाही. डॉक्टर भडकले होते. अशा पेशंटला धुळीच्या खोलीत बसवलंच कुणी, त्यांनी विचारलं. नाकात नळी असलेल्या गोदाताईंनी हात वर केला.

“मीच बसली,” त्या म्हणाल्या. “डोळा लागला माझा.”

मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होते. चादरीचं टोक पुन्हा पुन्हा खोचत राहिले.

मला वाटलं, स्थळ गेलं. तेच बरं होईल, असंही वाटलं, काहीतरी शिक्षा तरी होईल. पण पंधरा दिवसांनी इंगोल्यांचा निरोप आला, मुलगी पसंत आहे. लग्न थाटात झालं. गोदाताई मांडवात पहिल्या रांगेत बसल्या होत्या आणि इंगोलेकाकू त्यांना हाताला धरून जेवायला घेऊन गेल्या. मला कुणीच काही म्हणालं नाही. रेणुकानं तेवढं केलं, गोदाताई दवाखान्यातून घरी यायच्या आदल्या दिवशी पेचकस घेऊन मागच्या दाराची कडी उखडली. दारात चार भोकं राहिली. ती कडी तिनं माझ्यासमोर टेबलावर ठेवली आणि हात धुवायला निघून गेली.

एक गोष्ट मी तिलाही सांगितली नाही, ह्यांनाही नाही.

त्या दिवशी फारसं उकडत नव्हतं. इंगोलेकाकूंनी मान पुसली, पण कूलर मी त्यासाठी लावला नाही. दार वाजलं होतं. अगदी हळू, बोटाच्या पेरानं वाजवावं तसं. एकदा वाजलं तेव्हा मी चहाचे कप उगाच खळखळ हलवले. दुसऱ्यांदा वाजलं तेव्हा मोठ्यानं बोलत राहिले. तिसऱ्यांदा वाजलं आणि मी उठून कूलरचं बटण दाबलं. दहा मिनिटं, फक्त दहा मिनिटं धीर धरा ताई, असं मी मनात म्हणत होते. कडी मीच घातली होती, पंप कुलपात आहे हेही मला तिसऱ्या वेळी आठवलं होतं. तरी मी बटणच दाबलं.

सहा वर्षं मी ते घेऊन फिरले. त्यांना गरम पाणी देताना, वाफ देताना, प्रत्येक वेळी शब्द ओठांवर यायचे आणि मी दुसरंच काही विचारायचे. त्या पूर्वीसारख्याच होत्या. मला रागवायच्या, चहात साखर जास्त झाली म्हणायच्या. त्यांनी एकदा जरी टोमणा मारला असता तरी मला बरं वाटलं असतं.

सातव्या वर्षी मे महिन्यात तसंच मोठं वादळ झालं. तासभर थांबलो, ओली चादर टांगली. मी मागच्या खोलीपासून सुरुवात केली. त्या पहिल्या वादळानंतर मी नेहमी तिथूनच करते, समोरची खोली शेवटी. गोदाताई तेव्हा फार थकल्या होत्या, तरी खाटेवर बसून मला फडकं पिळून देत होत्या. पुसत पुसत मी दारापाशी आले. त्या चार भोकांत माती बसली होती. मी काडीनं ती काढायला लागले आणि कोण जाणे कसं, तोंडून निघून गेलं.

“ताई, मी ऐकलं होतं.”

“काय?”

“त्या दिवशी. इंगोले आले होते तेव्हा. दार वाजलेलं मी ऐकलं होतं.”

माझी पाठ त्यांच्याकडं होती. वळायची हिंमत झाली नाही. मागं फक्त फडक्यातलं पाणी बादलीत पडल्याचा आवाज येत होता.

“मी कुठं वाजवलं दार?” त्या म्हणाल्या. “काही तरीच तुझं. गादी आपटली असंल दाराला.”

“ताई...”

“गादीच होती नं वं. तिन्ही वेळा गादीच होती.”

किती वेळा, ते मी सांगितलं नव्हतं.

मी वळले. त्या माझ्याकडं पाहत नव्हत्या. बादलीत पाहत होत्या, आणि त्यांचा श्वास बारीक सूं सूं करत चालला होता.

“पाणी मातकट झालं,” त्या म्हणाल्या. “बदलून आण. अजून अर्धी खोली राहिली.”

मी बादली उचलली आणि मोरीकडं गेले.